अरण्यातील दोन सत्ये

जबलपूर जिल्ह्यातील मझौली ह्या गावी विष्णुवराहाचे एक जुने मंदिर आहे. तेथील मूर्ती नृवराहाची नव्हे. चार पायांवर उभ्या असलेल्या पशुवराहाची आहे, आणि त्या पशूच्या अंगावर देवतांच्या लहान लहान आकृती ओळींनी कोरलेल्या आहेत. हा मुलूख त्रिपुरीच्या कलचुरींचा. त्या वंशाचे लेख संपादून वा. वि. मिराशी ह्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून तरी मराठी विद्वत्तेस तो परका राहिलेला नाही. ज्या कोणा शिल्पकाराने हा वराह घडविला त्याने सारे देवलोक एका रानटी जनावराच्या अंगावर बसविले आणि बुडालेली पृथ्वी वर काढण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. मंदिराबाहेर पडावे तो गव्हाची आणि मटाराची शेते लागतात. मध्य भारतातील कोणत्याही शेतकऱ्यास विचारले तर रानडुक्कर हा त्याच्या लेखी पृथ्वीचा उद्धारक नसतो; एका रात्रीत उभे पीक लोळविणारा, मुळासकट जमीन उकरणारा तो एक चोर असतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ह्या चोरास परवान्यावाचून मारता येत नाही. जे हात सकाळी वराहापुढे जोडले जातात तेच रात्री मचाणावर डबा वाजवीत बसतात. त्या माणसास ह्यात काही विसंगती वाटत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही त्याच्याच आहेत.

मराठीतील अरण्यविषयक लेखनाचा विचार करू लागले म्हणजे ह्या शेतकऱ्याची आठवण ठेवणे अगत्याचे ठरते. कारण जे त्याला साधते ते आपल्या साहित्यास सहसा साधलेले नाही. मराठी लेखकाने अरण्यातील पशुपक्षी पाहिले आहेत, आणि फार बारकाईने पाहिले आहेत. धरणाखाली बुडालेल्या गावातील माणूसही त्याने पाहिला आहे. परंतु पशूचे सत्य आणि माणसाचे सत्य ह्यांची एकाच कृतीत, एकमेकांसमोर, गाठ घालून देण्याचा प्रसंग त्याने जवळजवळ नेहमीच टाळला आहे. पशूंचे दालन वेगळे आणि विस्थापितांचे दालन वेगळे, अशी आपल्या साहित्यमंदिराची रचना होऊन बसली आहे, आणि दोहोंमधील भिंतीस दार नाही.

ही गाठ काल्पनिक नाही, हे दाखविण्यास जबलपूरच्या आसमंतातील तीन उदाहरणे पुरेशी आहेत. कान्हाच्या अरण्यात १९७० साली कठीण भूमीवरील बारशिंगे अवघे ६६ उरले होते. ह्या जातीच्या हरिणीस वीण लपविण्यासाठी उंच गवत लागते. ते गवत गुरे चरत होती आणि त्या जागी नांगर फिरत होता. १९६९च्या सुमारास सोंफ हे गाव तेथून उठविण्यात आले आणि पुढे इतरही गावे उठली. शेतांची कुरणे झाली, गवत वाढले आणि बारशिंगे शेकड्यांनी वाढले. ह्याला यश म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे? आणि तरीही सोंफ हे आता एका कुरणाचे नाव आहे. ज्यांनी ते नाव ठेवले त्यांचे घर तेथे नाही.

दुसरे उदाहरण बरगीचे. नर्मदेवरील हे पहिले मोठे धरण १९९० साली भरले. बुडावयाची म्हणून आधी १०१ गावे सांगितली गेली होती. प्रत्यक्षात मंडला, शिवनी आणि जबलपूर ह्या जिल्ह्यांतील १६२ गावांना झळ पोचली. बुडालेल्यांत गोंडांची संख्या मोठी होती. पण बरगीचे पाणी ज्या शेतांना आणि शहराला मिळते तेथील माणसांची तहान खोटी नव्हती, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे आणि मझौलीला सर्वांत जवळचे. कटंगीवरून दमोहकडे जाणाऱ्या वाटेवर सिंगौरगड लागतो. गढामंडल्याच्या राणी दुर्गावतीचा हा गड. सागर, दमोह आणि नरसिंहपूर ह्या जिल्ह्यांतील नौरादेही आणि राणी दुर्गावती ही अभयारण्ये एकत्र करून २०२३च्या सप्टेंबरात २,३३९ चौरस किलोमीटरांचा जो व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला त्याला ह्याच राणीचे नाव देण्यात आले. बरगीच्या जलाशयालाही एका राणीचेच, अवंतीबाईचे, नाव आहे. अबुल फझलने अकबरनाम्यात दुर्गावतीविषयी लिहून ठेवले आहे की, वाघ आल्याची वर्दी मिळाली म्हणजे त्याला मारल्यावाचून ती पाणी पीत नसे. १५६४ साली मोगली फौजेशी लढताना ती पडली. वाघाची शिकारीण असलेली गोंड राणी आज वाघाच्या आश्रयस्थानाची अधिदेवता झाली आहे, आणि त्या आश्रयस्थानासाठी उठवावयाच्या गावांतही गोंड आहेत. इतिहासाने रचलेला इतका तीक्ष्ण उपरोध एखाद्या कादंबरीकाराच्या हाती आयता येत असताना तो कोणी उचलू नये, ह्याचे नवल वाटते.

हा सारा प्रदेश आज दुसऱ्या राज्याचा आहे, मराठी टीकेने त्याची चिंता का करावी, असा आक्षेप येईल. १९५६च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेने सीमा आखली. अरण्याने ती मानलेली नाही. पेंचचे जंगल दोन्ही राज्यांत एकसलग पसरले आहे आणि गोंडी बोलणारा माणूसही दोन्ही बाजूंस आहे. ह्या प्रदेशातील प्रश्न तोच गडचिरोलीत आहे, तोच मेळघाटात आहे.

प्रथम पशूंचे दालन पाहावे. व्यंकटेश माडगूळकर ह्यांच्या ‘सत्तांतर’ ह्या लघुकादंबरीस १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष हा तिचा विषय. भाषेची इतकी काटकसर, निरीक्षणाची इतकी शिस्त आणि भावविवशतेपासून इतके दूर राहण्याचा निग्रह मराठी गद्यात दुर्मीळ आहे. माडगूळकरांनी वानरांना माणसे केले नाही. त्यांनी माणसाला बाहेर ठेवले, आणि त्या कृतीच्या शुद्धतेचे रहस्य ह्या बहिष्कारातच आहे. पण हीच तिची मर्यादाही आहे. माणूस नसलेले अरण्य हे भारतात कोठेही नाही. ते निर्माण करावे लागते. ‘बनगरवाडी’च्या लेखकास हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? मेंढरे, माणसे आणि माळ ह्यांना एकाच दृष्टीने पाहणारा हा लेखक अरण्यात शिरताना मात्र माणसास वेशीवर सोडून गेला. ‘सत्तांतर’ ही श्रेष्ठ कलाकृती आहे, आणि तरीही तिने एक सोयीची वाट पाडून दिली. तिच्या मागून आलेल्या कितीतरी अरण्यलेखकांनी माडगूळकरांचा बहिष्कार उचलला, त्यांची शिस्त मात्र उचलली नाही. परिणामी दुर्बीण, पहाट आणि पाणवठा ह्यांच्या पलीकडे न जाणारे एक ललितलेखन आपल्याकडे फोफावले.

मारुती चितमपल्ली ह्यांचा विचार मात्र सावकाशीने केला पाहिजे. २०२५च्या जून महिन्यात ते निवर्तले तेव्हा मराठीने त्यांना ‘अरण्यऋषी’ म्हणून निरोप दिला. ह्या बिरुदात आदर आहे, आणि थोडी गैरसमजूतही आहे. ऋषी अरण्यात राहतो, अरण्यावर त्याची सत्ता नसते. चितमपल्ली वनाधिकारी होते. ज्या खात्याने गावकऱ्याच्या कुऱ्हाडीवर आणि गुरांवर बंदी घातली त्या खात्याची सेवा करीत असतानाच त्यांनी गोंड, कोरकू, कोहळी ह्यांच्यापासून झाडापाखरांची नावे, त्यांच्या सवयी, त्यांच्याविषयीचे संकेत मिळविले, आणि मराठीच्या शब्दसंपत्तीत अशी भर घातली की तिची मोजदाद अजून व्हावयाची आहे. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘शब्दांचं धन’ असे आहे. धन म्हटले की ते कोणाचे, हा प्रश्न आलाच. त्यांच्या लेखनात वनवासी माणूस येतो तो जाणता म्हणून येतो, गुरू म्हणूनही येतो, आणि लेखक त्याचे ऋण मोकळ्या मनाने मान्य करतो. त्याच्याविषयी तुच्छता तर सोडाच, एक अकृत्रिम आदर ह्या लेखनात आढळतो. परंतु हा जाणता माणूस हक्कदार म्हणून क्वचितच उभा राहतो. ज्या रानाविषयी तो इतके सांगतो ते रान त्याचे आहे की नाही, हा प्रश्न वाक्याच्या काठापर्यंत येतो आणि परततो.

ह्याला अपवाद म्हणावा असा त्यांच्या लेखनाचा जो भाग आहे तो नवेगावबांधाचा. आणि तो अपवाद का झाला हे पाहण्यासारखे आहे. नवेगावचा तलाव निसर्गनिर्मित नाही. तो कोहळी समाजाने अठराव्या शतकात बांधला, भाताच्या शेतीसाठी बांधला. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर ती एक पाटबंधाऱ्याची योजना होती. त्या काळचा तो आर्थिक विकासच. त्या विकासातून अनेक जातींच्या पाणपक्ष्यांना घर मिळाले, आणि भंडारा-गोंदियाच्या अशाच तळ्यांच्या व भातखाचरांच्या आश्रयाने सारसाची जोडी महाराष्ट्रात आजही टिकून आहे. पाळ बांधणारा, पाळीवरचा देव पूजणारा आणि पाळीआडच्या पाखरांना नावे देणारा माणूस एकच होता. चितमपल्ली नवेगावाविषयी लिहितात तेव्हा त्यांच्या गद्यास जी ऊब येते ती केवळ वास्तव्याच्या आठवणींची नव्हे. विकास, संस्कृती आणि पशुपक्षी ह्या तीन गोष्टी तेथे मुळातच फाटलेल्या नव्हत्या. लेखकाला त्या सांधाव्या लागल्या नाहीत. त्या एकसंध असलेल्या त्याला दिसल्या. १९७५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि फाटण्यास सुरुवात झाली. त्या फाटण्याचे लेखन मात्र मराठीला मिळाले नाही.

आता माणसांचे दालन. विश्वास पाटील ह्यांच्या ‘झाडाझडती’स १९९२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांच्या ससेहोलपटीचे इतके विस्तृत, इतके तपशीलवार चित्रण मराठीत दुसरे नाही. सरकारी कागद हा माणसाचा जीव कसा घेतो हे ह्या कादंबरीने दाखविले. तिचे सामर्थ्य तिच्या संतापात आहे. पण संतापाला प्रतिपक्ष लागतो आणि तो दुष्ट असावा लागतो. भ्रष्ट अधिकारी, लबाड पुढारी आणि दलाल हे तसे सहज सापडतात, कारण ते खरोखरच असतात. ह्या रचनेत एक प्रश्न मात्र विचारावयाचा राहून जातो: सर्व अधिकारी प्रामाणिक असते, मोबदला पुरेपूर आणि वेळेवर मिळाला असता, तर दुःख उरले असते की नाही? उरले असते, असे ज्याला वाटते त्याने त्या दुःखाची कादंबरी लिहावयाची असते. अन्यायाची कादंबरी आणि शोकात्म कादंबरी ह्यांत हाच भेद आहे. पहिलीत एक पक्ष न्यायाचा असतो. दुसरीत दोन्ही पक्ष न्यायाचे असतात, आणि म्हणूनच सुटकेला वाट नसते.

कान्हाच्या कुरणात असेच दोन न्याय्य पक्ष समोरासमोर उभे होते. बारशिंग्याला बोलता येत नाही आणि त्याला दुसरा देश नाही. सोंफच्या गावकऱ्याला बोलता येत होते. त्याला दुसरी जमीन देता येत होती, पण तोच नदीकाठ, तीच स्मशानभूमी आणि त्याच देवाचे झाड देता येत नव्हते. मराठी लेखकाने आजवर ह्या दोहोंपैकी एकाची बाजू घेऊन करुणा उत्पन्न केली आहे. दोन्ही बाजू घेऊन भय उत्पन्न करण्याचे धाडस त्याने केलेले नाही.

एका कादंबरीने ह्या धाडसाच्या जवळ पाऊल टाकले होते. गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ १९६५ साली प्रसिद्ध झाली. कर्नाळ्याच्या सुळक्यावरील आग्यामोहोळे आणि ठाकरवाडीतील एक तरुण ह्यांचे वैर हा तिचा गाभा. येथे माणूस निसर्गाचा लाडका पुत्र नाही आणि निसर्ग ही प्रेमळ माता नाही. माशीचे सामर्थ्य आणि माणसाची जिद्द ह्यांना लेखकाने सारखेच मोठेपण दिले आहे, आणि विजयाची किंमतही तो चुकवावयास लावतो. ही कादंबरी ठाकरांच्या लोकजीवनाचे रंगीत चित्र म्हणून वाखाणली गेली, पुढे चित्रपटातील गाण्यांमुळे घरोघर पोचली, आणि ह्या दुहेरी लोकप्रियतेत तिच्यातील शोकात्म बीजाकडे टीकाकारांचे दुर्लक्ष झाले. १९६८ साली कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य झाले. मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या पोटातून जातो. ठाकर, पाखरे आणि महामार्ग असा तिहेरी पेच त्या सुळक्याच्या पायथ्याशी पडला असताना दांडेकरांच्या कादंबरीचा पुढचा भाग लिहावयास कोणी बसले नाही.

दुर्गाबाई भागवत ह्यांचे स्थान निराळे आहे. मध्य प्रांतातील गोंडांमध्ये हिंडून त्यांनी लोकसाहित्य गोळा केले, आणि ‘महानदीच्या तीरावर’ हे गोंड जीवनावरील पुस्तक लिहिले. पण मराठी वाचकाने डोक्यावर घेतली ती ‘ऋतुचक्र’ची लेखिका. ही निवड बोलकी आहे. ऋतूंचे सौंदर्य घेऊन ऋतूंत राबणाऱ्या माणसास शोधनिबंधात ठेवून देणे आपल्या अभिरुचीस मानवले. त्याच काळात गोंड-बैगांच्या भवितव्याविषयी व्हेरिअर एल्विन आणि गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांच्यात मोठा वाद झाला होता. एल्विनने १९३९ साली बैगांवरील ग्रंथात त्यांच्यासाठी एक राखीव प्रदेश, एक प्रकारचे राष्ट्रीय उद्यानच, असावे असे सुचविले. घुर्ये ह्यांनी १९४३ साली आपल्या ग्रंथात अलगीकरणाच्या ह्या कल्पनेचा समाचार घेतला. पुढे बैगांच्या मुलखात राष्ट्रीय उद्यान झाले, पण ते बैगांसाठी नव्हे. वादातील दोन्ही विद्वानांना हे भविष्य दिसले नव्हते.

लेखकाने कोणता विषय घ्यावा हे टीकाकाराने सांगू नये, हे तत्त्व मराठी समीक्षेने पुष्कळ भांडून मिळविले आहे आणि ते सोडण्याचे कारण नाही. येथे प्रश्न विषयाचा नसून आकृतिबंधाचा आहे. अरण्य हा विषय लेखकाने आपणहून घेतला. तो घेतल्यावर त्या अनुभवातील एक अर्धे गाळून उरलेल्यास पूर्णाचा घाट देणे हा कलेच्याच दृष्टीने दोष आहे. सांस्कृतिक अस्मितेविषयीच्या आजच्या चर्चेतही हीच उणीव जाणवते. अस्मिता म्हणजे प्रजासत्ताकदिनी राजधानीत नाचावयास बोलाविलेले पथक नव्हे, की विमानतळाच्या भिंतीवर रंगविलेले गोंडी चित्र नव्हे. मोहाचे झाड नावाने ओळखणे, त्याची फुले केव्हा आणि किती वेचावीत हे ठरविण्यात आपला शब्द असणे, ही अस्मिता. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावास २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा त्या गावाने कोणताही सांस्कृतिक महोत्सव भरविण्यापेक्षा मोठे सांस्कृतिक कार्य केले. त्या गावाची हकिगत मिलिंद बोकील ह्यांनी लिहिली आहे. तिचे मोल असे की तीत जंगल आणि गावाची सभा ही एकाच वाक्यात येतात.

भिंतीत दार पाडण्याचे काम कोठे झाले असेल तर ते कवितेत, आणि ते बाहेरच्यांनी केलेले नाही. वाहरू सोनवणे ह्यांचा ‘गोधड’, भुजंग मेश्राम ह्यांचा ‘उलगुलान’, उषाकिरण आत्राम ह्यांचा ‘म्होरकी’ हे संग्रह प्रसिद्ध झाले तेव्हा मराठी टीकेने त्यांची नोंद विद्रोही साहित्याच्या रकान्यात केली आणि ती मोकळी झाली. वस्तुतः मेश्रामांच्या कवितेचे महत्त्व भाषेच्या अंगाने अधिक आहे. गोंडी शब्द त्यांच्या ओळीत येतो तो स्थानिक रंगासाठी येत नाही. मराठी शब्दाशेजारी तो बरोबरीच्या नात्याने बसतो, आणि वाचकाला अडखळावयास लावतो. चितमपल्लींच्या गद्यात हाच शब्द समजावून दिलेला असतो. समजावून दिलेला शब्द आणि समजावून न दिलेला शब्द ह्यांतील अंतर हे जाणता आणि हक्कदार ह्यांतील अंतर आहे. मेश्राम २००७ साली अकाली गेले. त्यांच्यामागे गद्यात, विशेषतः कादंबरीत, ह्या तोडीचे काम झालेले नाही ही वस्तुस्थिती आहे, आणि आदिवासी साहित्याविषयीच्या आपुलकीपोटी ती लपविण्यात काही लाभ नाही.

सामग्रीचा तुटवडा आहे असे म्हणता येणार नाही. पेंच नदीवर तोतलाडोह येथे जलविद्युत्‌प्रकल्पासाठी धरण झाले. मध्य प्रदेशाच्या बाजूच्या ज्या आदिवासींची गावे त्या उद्यानाच्या हद्दीतून उठली त्यांच्या ३०५ कुटुंबांस त्याच जलाशयात मासेमारीचे परवाने देण्यात आले. वाघाच्या वतीने एक संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९७ साली न्यायालयाने परवाने कायम ठेवले आणि सोबत अटी घातल्या: प्रत्येकाजवळ छायाचित्रासह ओळखपत्र असावे, ठरलेल्या वाटेनेच पाण्यावर जावे, काठावर विस्तव पेटवू नये. वीज, वाघ आणि कोळी ह्या तिघांचाही पक्ष त्या निवाड्यात नोंदलेला आहे, आणि कोणासही खोटे ठरविलेले नाही. आपल्याच बुडालेल्या मुलखावरून होडी हाकणारा, खिशात ओळखपत्र बाळगणारा आणि पकडलेला मासा काठावर भाजून खाण्याची मनाई असलेला तो माणूस मराठी कथेत अजून आलेला नाही.